सहावा अकीकी

कोबुसिंगेचा स्कर्ट फाटला तो नेमका शिंप्याच्या पडवीसमोर. हे तिचं नशीब की बोडावाल्याचं कर्तृत्व, यावर कितुमाच्या बाजारात पुढे बरेच दिवस मतभेद होते. झालं एवढंच, की बोडावाल्याने खड्डा चुकवायला भाड्याची मोटरसायकल वळवली, ही घाईने उतरली, आणि स्कर्टची कड सीटखालच्या तुटक्या पत्र्यात अडकून राहिली. टर्र... असा एक लांबलचक आवाज झाला. केळीवाल्या बायका एकदम गप्प झाल्या.

साडेतीन वाजले होते. चारला तिचा वर्ग होता. घरी जाऊन यायला पाऊण तास लागला असता, आणि उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करायचं हा नियम तिने स्वतःच केलेला.

ती पाठ भिंतीला लावून खेकड्यासारखी तिरकी सरकत पडवीत चढली. शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता. डोंगरापलीकडून, काँगोतून आलेला. कितुमात त्याला येऊन सहाएक महिने झाले असतील. नाव कुणी विचारलं नव्हतं, सगळे नुसतं फुंडी म्हणायचे, कारागिराला म्हणतात तसं. सदऱ्याची इस्त्री मात्र अशी, की गावातल्या पुरुषांना त्याचा उगीचच राग यायचा.

त्याने पाय थांबवला. दोरीवरचं एक मोठं छापील कापड ओढलं आणि तोंड भिंतीकडे करून, हात लांब करून तिच्यापुढे धरलं.

"गुंडाळून घ्या. आत पडदा आहे. स्कर्ट वरून टाका."

त्याची रुतोरो भाषा लंगडत चालायची. दर चार पावलांवर तिला स्वाहिलीची काठी लागायची.

"तुम्ही... बघितलंत?"

"काय?"

"काही नाही."

"मी काहीच बघितलं नाही. उजवीकडे, एक वीत आणि चार बोटं फाटलाय."

पडद्याआड कोबुसिंगेचे कान तापले. "न बघता वीत आणि चार बोटं मोजता?"

"कानाने. टर्र किती वेळ वाजलं, त्यावरून कळतं."

तिला हसू आलं, म्हणून ती आणखी चिडली. स्कर्ट तिने पडद्यावरून असा फेकला की तो त्याच्या डोक्यावरच पडला असावा, कारण नंतरचं वाक्य कापडातून आल्यासारखं आलं. "तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. रोज काय उचलता?"

"हे तरी बघून सांगताय ना?"

"हे बघून. गेले तीन महिने रोज बघून."

मशीन सुरू झालं. बाहेर पत्र्यावर पाऊस उतरला, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा. पडद्याच्या फटीतून तिला त्याचे हात दिसत होते. कापड ओढत नव्हते ते. नुसते त्याच्याबरोबर चालत होते.

"फळा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "फळा उचलते. काळा रंग दिलेली फळी. मी इंग्रजी शिकवते. मोठ्यांना."

"किती मोठ्यांना?"

"सगळ्यात लहान बेचाळीसचा. सगळ्यात मोठी माझी आत्या, ती वय सांगत नाही."

त्याने शिवलेला स्कर्ट पडद्यावरून परत दिला. टाका कुठे आहे ते शोधावं लागत होतं. पैसे विचारले तर त्याने मान हलवली.

"एक वाक्य शिकवा त्याऐवजी. शाळेच्या मोठ्या बाई गणवेश शिवायला देतात. इंग्रजीत भराभरा बोलतात, मी हो हो म्हणतो. गेल्या खेपेला हो हो म्हणता म्हणता चाळीस चड्ड्या बिनखिशाच्या झाल्या. पोरं हात घालायला एकमेकांचे खिसे शोधतायत... आणि खिसेच नाहीत. मला एवढंच शिकवा, 'बाई, सावकाश बोला.'"

"प्लीज, स्पीक स्लोली. पण एका वाक्याने तुमचं भागायचं नाही. चारला पत्तीच्या शेडमध्ये या."

"मला उशीर होईल."

"मग बाहेर उभे राहाल," असं म्हणून ती फळा काखोटीला मारून पावसात उतरली. मागे वळून बघायचं नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. कोपऱ्यापर्यंत ते जमलं.

*

शेड म्हणजे चार खांब, तीन भिंती, चौथ्या बाजूला जाळीचं दार आणि वर एक पत्रा. आजूबाजूच्या डोंगरउतारांवरचे लोक चहाची हिरवी पत्ती पाट्या भरून इथे आणायचे, टांगलेल्या तराजूवर वजन व्हायचं, साडेतीनला लॉरी पत्ती घेऊन कारखान्याकडे निघायची. मग तराजूच्या त्याच आकड्याला कोबुसिंगे फळा अडकवायची. चिरडलेल्या पत्तीचा वास जमिनीतून येत राहायचा. अठरा जण रिकाम्या गोण्यांवर बसायचे, बोटं पत्तीच्या रसाने काळी झालेली, आणि त्या बोटांत खडू असा काही धरायचे, जणू तो उडून जाईल.

वर्ग कंपाल्याच्या एका संस्थेचा. संस्था खडू द्यायची, पुस्तकं द्यायची, कोबुसिंगेला थोडा पगार द्यायची, आणि शेड वापरायची परवानगी संस्थेच्या पत्रावर मिळालेली होती. माध्यमिक शाळेची चौथी इयत्ता झाल्यावर बापाने शाळा सोडवली; आता सव्विसाव्या वर्षी तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. चार खांब, तीन भिंती, अठरा डोकी.

फुंडी दहा मिनिटं उशिरा आला. ती हजेरी घेत होती. तो बाहेर पावसात उभा राहून ऐकत होता.

"अकीकी."

"आहे."

"अकीकी."

"आहे."

"अमूती. अद्येरी. अकीकी..."

"आहे," एक म्हातारा म्हणाला.

बाहेर फुंडी हसला. अठरा माना वळल्या.

"मॅडम, एकाच माणसाला किती वेळा बोलावता?"

पहिल्या रांगेतून आत्या उठली. ती बसली काय नि उठली काय, उंचीत फारसा फरक पडत नसे. फरक पडायचा तो आवाजात. "आत ये रे. पाण्यात भिजून अक्कल येत असती तर बेडूक मास्तर झाले असते. नाव काय तुझं?"

"बिसिम्वा."

"ते झालं ओळखीच्या कार्डावरचं. एम्पाको काय?"

"ते काय असतं?"

वर्गात हळहळ पसरली. एखाद्याला आई नाही असं कळल्यावर पसरते तशी.

आत्याने त्याला शेजारी बसवून घेतलं. "हे बघ. नाव बापाने ठेवलेलं असतं. ते पोलिसाला लागतं, दवाखान्यात लागतं. एम्पाको घरच्यांनी दिलेलं. ज्याला माझ्याशी मायेने, मानाने बोलायचंय तो त्याने बोलतो. आहेतच ती जेमतेम डझनभर, बाईला तीच, बाप्याला तीच. आमचा अख्खा तोरो मुलूख त्यात मावतो. मी अकीकी. ही अकीकी. तो कोपऱ्यातला टकल्या, तोही अकीकी. तुझी ही टीचर अब्वोली. अराली मात्र सध्या अख्ख्या कितुमात एकही नाही."

"आणि अकीकी म्हणून हाक मारली की कोण वळतं?"

"ज्याला माया हवी असते तो."

बिसिम्वाने यावर बराच विचार केला. "मग मी ओकाली. रेडिओवर ऐकलंय मी. भारदस्त वाटतं."

आधी कुणीच हसलं नाही. मग टकल्या अकीकीच्या नाकातून आवाज आला, आणि अख्खी शेड फुटली. ओकाली एकट्या राजाचं असतं. आत्या डोळे पुसत म्हणाली, "बाबा रे, गादीवर बसलास की आम्हाला कळव. आणि हे असं फळीवरनं साबण उचलावा तसं उचलायचं नसतं. देणारं घर लागतं."

कोबुसिंगेने खडूने फळ्यावर टकटक केलं. हसू लपवायला तिला फळ्याकडे तोंड करावं लागलं, आणि नको ते स्पेलिंग लिहून गेली.

खरं तर पुस्तकातला पहिला धडाच 'व्हॉट इज युअर नेम' हा होता. पहिल्या दिवशी तिने तो आत्याला विचारला तेव्हा आत्या गोणी झटकून घरी जायला निघाली होती. "तुझा शेंबूड पुसलाय मी. आता मलाच चारचौघांत नाव विचारतेस?" तेव्हापासून हा वर्ग धडा दुसऱ्यापासून शिकत होता. हजेरीच्या वहीतही तिने तेच लिहिलं होतं, ज्याने जे सांगितलं ते.

*

बिसिम्वा वाईट विद्यार्थी होता. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. त्याचं लक्ष नको तिथे असायचं.

"मॅडम, एक वाक्य हवंय."

"विचारा."

"तुमच्या कानातलं हललं की मला धडा ऐकू येत नाही... हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

"ते दहाव्या धड्यात आहे."

"आपण कितव्यात?"

"वर्ग सातव्यात. तुम्ही तिसऱ्यात."

"मग मला रोज जादा शिकवावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. पहिल्या रांगेतून आत्या खाकरली.

एका सोमवारी तो पाठीवर भलं मोठं गाठोडं घेऊन आला. जुन्या गोण्यांची अठरा आसनं शिवली होती, आत कापडाच्या चिंध्या भरलेल्या, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची किनार. आत्याने आपल्या आसनावर बसून दोनदा हलून बघितलं.

"या पोराला कुणाच्या तरी बुडाची काळजी लागलीय," ती म्हणाली. "माझ्या तर नक्कीच नाही."

"आत्या..." कोबुसिंगे कुजबुजली.

"काय आत्या? एकोणिसावं आसन कुणाचं ते विचार त्याला. टीचर तर उभी असते."

एकोणिसावं होतं. निळ्या किनारीचं. ते त्याने फळ्याखाली ठेवलं आणि आपल्या जुन्या गोणीवर जाऊन बसला. त्या दिवशी कोबुसिंगेने तीन वेळा तेच वाक्य पुसून तेच पुन्हा लिहिलं.

वर्ग सुटल्यावर फळा तो घ्यायचा. चहाच्या ओळींमधून वर जाणारी पायवाट अरुंद होती, एकामागे एकच चालता यायचं. ती पुढे, तो मागे.

"खांदा सरळ होतोय," तो मागून म्हणायचा.

"तुम्ही वाटेकडे बघा."

"वाट खांद्याच्या पुढेच आहे."

*

ओकुरुत साहेब आले ते एका बुधवारी. संस्थेचे तपासनीस, दूर पूर्वेकडच्या टेसो भागातले, शांत माणूस; बूट चिखलाने भरले तरी कुरकुर केली नाही. मांडीवर टॅबलेट घेऊन त्यांनी बोटाने यादी वर सरकवली, खाली सरकवली.

"टीचर, एकोणीस विद्यार्थ्यांत पाच अकीकी. चार अमूती. चार अद्येरी. एकेका माणसाचं नाव चार-पाचदा लिहून पगार उचलल्यासारखं दिसतं हे."

"सगळे समोर बसलेत, सर. मोजा."

"मला दिसतंय. मी तुमच्या घरी जेवायला आलो असतो तर मीही त्यांना अकीकीच म्हटलं असतं. पण कंपाल्यातला फॉर्म जेवायला येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "गेल्या वर्षी एका जिल्ह्यात भुतांचे वर्ग निघाले. कागदावर तीस माणसं, खोलीत एक शेळी. आता प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगावं लागेल, माय नेम इज अमुक, कार्डावरचं नाव. पुढच्या बुधवारी मी येतो. नाही झालं तर वर्ग यादीतून जाईल. मग शेडचं पत्रही जाईल." बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "हा बिसिम्वा... हा एवढा एकच खरा दिसतो."

ते गेल्यावर तिने वर्गाला सगळं सांगितलं. मग टकल्या अकीकी म्हणाला, "मी नाही." मग दुसरी. मग तिसरा.

"दोन शब्द," कोबुसिंगे म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आत्या, फक्त दोन शब्द. एकदा. मग परत कधी नाही."

आत्याने आसनाची किनार नखाने सरळ केली. "अब्वोली, मला नुसत्या नावाने आजवर दोघांनीच बोलावलंय. एक मळ्यावरचा मुकादम. रांगेत उभं करून हजेरी घ्यायचा, ओ म्हणायला उशीर झाला की दिवस गेला. दुसरा तो पोलीस, ज्याने मला नवऱ्याचं प्रेत ओळखायला बोलावलं. तिसऱ्याला मी ते देणार नाही. मी इथे इंग्रजी शिकायला आले, पुन्हा त्या रांगेत उभी राहायला नाही."

त्या दिवशी पायवाटेवर ती भराभर चालत होती. फळा घेऊन मागे येणाऱ्याला धाप लागली.

"तुमचं बरं आहे," ती न वळता म्हणाली. "तुमचं एकच नाव. तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल, फोटोसकट."

मागची पावलं थांबली.

"हो," तो म्हणाला. "सीमेवर तेवढं एकच राहू दिलं त्यांनी माझ्याकडे."

ती वळली. फळ्याच्या वर त्याचं तोंड, कपाळावर पावसाचे थेंब. पहिल्यांदाच त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याला सुरकुती होती.

"मला तसं म्हणायचं..."

"माहितीय. तुम्ही काय करणार?"

"मी काय करू? वर्ग गेला तर माझ्याकडे काय उरतं?"

"आणि वर्ग राहिला, पण आत्या उठून गेली तर काय उरतं?"

ती चिडली, कारण तो बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसाचा सदरा ओला झाला की तो फार वाईट दिसत नाही, हे तिला त्याच क्षणी कळायची काही गरज नव्हती. फळा हिसकावून ती एकटीच वर गेली. खांदा दुखला. दुखू दे.

पुढचे सहा दिवस तिने नावाचा धडा घेतला नाही. लोकांना वाटलं, टीचर शेवटच्या दिवशी हात जोडेल. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. रोज रात्री ती उशाशी हात जोडून बघायची, आणि प्रत्येक वेळी हात सुटायचे.

*

बुधवारी ओकुरुत साहेबांनी तिपाईवर कॅमेरा लावला. फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात प्रश्न लिहिला.

कोबुसिंगे उठली, फळ्यापाशी गेली आणि तळहाताने तो प्रश्न पुसून टाकला.

"सर, माझ्या वर्गात हे विचारत नाहीत."

"टीचर, तुम्हाला माहितीय याचा अर्थ काय होतो."

"माहितीय. तुम्हाला ही माणसं खरी आहेत का ते बघायचंय ना? मग नाव सोडून काहीही विचारा. नाव विचारून माणूस खरा ठरत असता, तर तुमच्या त्या शेळीलाही कुणी नाव ठेवलंच असेल." तिने तळहाताचा खडू स्कर्टला पुसला. "मी यांना सांगणार नाही. मला काढायचं असेल तर काढा."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. आत्याने भाचीकडे बघितलं, मग आसनावरून उठून कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं.

"आय अ‍ॅम अकीकी," ती म्हणाली, पाऊस ऐकेल एवढ्या मोठ्याने. "आय पिक टी. नाऊ आय रीड द वजनाची चिठ्ठी." चिठ्ठीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवलं नाही, आणि त्याची तिला पर्वाही नव्हती.

मग टकल्या. "आय अ‍ॅम अकीकी. आय हॅव सिक्स चिल्ड्रन. आय राइट लेटर टू माय डॉटर." मग अमूती, मग अद्येरी. कुणी खडू हातात धरूनच उभं राहिलं, कुणी डोळे मिटून बोललं. एकीला वाक्य आठवेना तेव्हा मागच्या तिघींनी ते ओरडून सांगितलं आणि कॅमेऱ्यात तेही गेलं. एकानेही कार्डावरचं नाव घेतलं नाही.

ओकुरुत साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. "टीचर, मला समजतं. फॉर्मला समजत नाही." त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ती सुटकेने थांबली. "तुम्ही. तुमचं तरी सांगा. निदान एक नोंद जाऊ दे."

बिसिम्वा उठला. कॉलर नीट केली. कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि तिने शिकवलं होतं तसं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला,

"माय. नेम. इज. अकीकी."

मग टकल्या अकीकीने काठी जमिनीवर टेकली. "फुंडी, बाकी सगळं ठीक. पण हे हसण्यावारी न्यायचं नसतं."

"मी हसत नाहीये," बिसिम्वा म्हणाला.

"मग दिलं कुणी?" आत्याने विचारलं. ती चिडली नव्हती. म्हणूनच ते ऐकायला जास्त कठीण होतं. "सांगितलं होतं ना तुला, घर लागतं. कुठल्या घराने दिलं?"

तो जमिनीकडे बघत राहिला. एवढं इंग्रजी त्याला येत नव्हतं, आणि एवढं रुतोरोही.

कोबुसिंगेने हातातला खडू खाली ठेवला. घर म्हणजे चुलते आले, आत्या आली, शेजारपाजार आला, विचारणं आलं, सांगणं आलं. परक्या पुरुषाला एम्पाको देणं म्हणजे त्याला घरचा करून घेणं; मुलीने एकटीने उठून करायची ही गोष्ट नव्हे. आजवर कुणी ते केलं नव्हतं.

"मी दिलं," ती म्हणाली.

"तू?"

"मी. आपल्या घराने. माझ्या."

आत्या भाचीकडे बघत होती. आणि मग तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"काय गं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "आमच्यात पोरीला मागणी घालायला लोक येतात. आमच्या पोरीने कॅमेऱ्यासमोर स्वतःच घातली."

ओकुरुत साहेबांनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. "सहा," ते स्वतःशी म्हणाले. "सहा अकीकी." मग त्यांनी तिपाई मिटली. वर्ग यादीतून जाईल, पगार या महिन्यापासून थांबेल, शेडचं पत्र रद्द. हे सगळं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं. दारात थांबून त्यांनी आत्याशी हात मिळवला. "येतो, अकीकी."

"ये बाबा," आत्या म्हणाली. "पुढच्या वेळी जेवायला ये. फॉर्मला घरी ठेव."

गाडी खाली उतरली तोच वजनकाट्याचा कारकून किल्ली घेऊन हजर. पत्र रद्द म्हणजे उद्यापासून साडेतीनला कुलूप, असं त्याने जाहीर केलं.

"लाव की," आत्या म्हणाली. "सकाळीच लाव. म्हणजे आमच्या अठरा पाट्या आणि आमच्या शेजाऱ्यांच्या साठ, त्या लॉरीत तूच डोक्यावरून नेऊन टाक. पत्ती आमची, हा पत्रा आमच्या पत्तीवर उभा राहिलाय. वजन झालं की आम्ही इथे बसणार. तुला हवं तर तूही बस. तुझी बेरीज अजून कच्ची आहे."

कारकुनाने किल्लीकडे बघितलं, पाट्यांच्या ढिगाकडे बघितलं, आणि किल्ली खिळ्याला अडकवून चहा प्यायला निघून गेला.

*

पायवाटेवर पाऊस थांबला होता. चहाच्या ओळींतून वाफ निघत होती. ती पुढे, तो मागे, फळा त्याच्या पाठीवर.

"तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मग का घालवलंत?"

"अठरा भुतं आणि एक खरा माणूस..." तो थांबला, शब्द शोधत. "ज्या यादीत तू खोटी ठरतेस, तिच्यात मला एकट्याला खरं राहायचं नव्हतं."

ती थबकली. "तू?"

"आत्ताच मागणी घातलीस तू मला. अठरा साक्षीदार आहेत. अजून तुम्ही म्हणू?"

"मागणी वगैरे काही नाही. ते... तुम्ही अडकला होतात."

"म्हणजे खोटं बोललीस? आत्यासमोर?"

ती वळली. वाट एवढी अरुंद, की वळल्यावर दोघांमध्ये जेमतेम एक वीत उरली. किती बोटं ते तो न बघता सांगू शकला असता. त्याच्या डोळ्यांत थट्टा होती, पण थट्टेच्या मागे काहीतरी उभं होतं, श्वास रोखून, सीमेवर कागद तपासून घेणाऱ्या माणसासारखं.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "मी दिलं नव्हतं."

"हं."

"त्यामुळे आता द्यावं लागेल. रविवारी आत्या रिवाजाप्रमाणे नाचणीची उकड शिजवून, तुला चटईवर बसवून, सगळ्यांसमोर अकीकी म्हणेल, ते म्हणू दे. पण ते मला नको."

"का?"

"अकीकी म्हणून हाक मारली तर अर्धी पंचक्रोशी वळते. मी हाक मारेन तेव्हा..." तिला पुढचं वाक्य सुचत होतं, पण उच्चारायला धैर्य लागत होतं, आणि आजचं सगळं तर शेडमध्येच खर्चून झालं होतं. तिने उरलंसुरलं गोळा केलं. "मी हाक मारेन तेव्हा तू एकट्यानेच वळायला हवंस."

"एका माणसाला दोन एम्पाको चालतात?"

"नाही चालत."

"मग?"

"मग काय. देणारी मी आहे. कुणाला हरकत असेल त्याने येऊन मला सांगावं."

त्याने फळा हळूच खाली ठेवला, चहाच्या झुडपाला टेकवून. दूर डोंगरामागे एकदा गडगडलं. ती दोन पावलं वर गेली, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"अराली..."

मागून कसलीच हालचाल नाही. तिने घाबरून वळून बघितलं.

तो वळला नव्हता. वळायचं कुठे? तो आधीपासूनच तिच्याकडे बघत उभा होता.